होरी पायाला लागत नाय

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी आमच्या ओपीडीत कफ परेडच्या मच्छीमार नगरातले एक नाखवा आले. वय ५४. उजव्या पायाची करंगळी काळी पडलेली, घोट्यापर्यंत सूज, आणि जखमेचा तो वास, जो सरकारी रुग्णालयात तीस वर्षं काढलेल्या माणसाला पट्टी सोडायच्या आधीच कळतो. रक्तातली साखर ३८०. बरोबर आलेल्या मुलाने प्लास्टिकच्या पिशवीतून एक गमबूट काढला, आत हात घातला आणि अंगठ्याच्या नखाएवढा शिंपल्याचा तुकडा टेबलावर ठेवला. हा तुकडा बुटात घेऊन त्याचे वडील तीन दिवस होडीवर उभे होते. दुखलं काहीच नाही. चौथ्या दिवशी घरातल्या लादीवर उमटलेली ओली, लालसर पावलं बायकोने पाहिली, तेव्हा कळलं.

"मॅडम, तुमीच बोललेलात ना, होरीवर बूट घाला म्हणून?" नाखवा म्हणाले.

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. सांगितलं तसं केलं, मग हे असं कसं झालं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. करंगळी काढावी लागली. पाय वाचला.

मी तसं बोलले होते, हे खरं आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला पसरलेली, आणि एरवी पहाटे समुद्रावर असणारे पुरुष घरी सापडतात. त्यामुळे मधुमेह-रक्तदाबाचं शिबिर आम्ही त्याच दिवसांत घेतो. मच्छीमार नगर म्हटलं की बाहेरच्या लोकांना २६ नोव्हेंबर २००८ची रात्र आठवते. त्या रात्री रबरी बोटीतून उतरलेल्या अनोळखी तरुणांना पहिल्यांदा हटकलं ते इथल्याच कोळ्यांनी. मला मात्र ही वस्ती आठवते ती पावलांसाठी. रुंद, बोटं फाकलेली, टाचेला भेगा, तळव्याला जाड घट्टे. शिबिरात अशी पावलं एकापाठोपाठ एक समोर येतात आणि आपण डॉक्टर मंडळी प्रत्येक कागदावर एकच ओळ लिहितो : पादत्राणे वापरावीत.

ते वापरत नाहीत. कारण विचारलं तर पहिलं उत्तर ठरलेलं असतं. होडी लक्ष्मी आहे, तिच्यावर चप्पल घालून चढायचं नाही. नारळी पौर्णिमेला जिची पूजा करायची, तिच्यावर रस्त्यावरची घाण घेऊन कसं जायचं? मी अनेक वर्षं हे उत्तर श्रद्धेचा भाग म्हणून ऐकून सोडून दिलं. श्रद्धेशी वाद घालायचा नाही, पण सल्लाही बदलायचा नाही, असा तो कारभार होता. या श्रद्धेमागे हातापायांना कळलेलं काही शहाणपण असेल, हे पाहायला मी कधी होडीवर गेलेच नव्हते.

फेब्रुवारीत गेले. जखम भरली होती, नाखवा पुन्हा होडीवर जायला लागले होते आणि माझ्या मनात त्यांचा प्रश्न तसाच होता. समुद्र शांत, वारा मंद. मी चांगले महागाचे स्पोर्ट्स शूज घालून गेले होते. मुलाने एकदा माझ्या पायांकडे पाहिलं, एकदा वडिलांकडे पाहिलं, पण पाहुणी म्हणून काही बोलला नाही. होडी नरिमन पॉइंटच्या इमारतींना पाठ करून बाहेर पडली. पहिलं जाळं वर आलं, बोंबील, मांदेली आणि चार-दोन शिंगाळे फळ्यांवर पडले, आणि मी जागा द्यायला म्हणून एक पाऊल मागे टाकलं. पुढच्या क्षणी मी बसलेली होते. म्हणजे पडले होते. तिघे खलाशी त्याच ओल्या फळ्यांवर अनवाणी वावरत होते, होडी डुलत असताना दोन्ही हातांनी जाळं ओढत होते आणि त्यांतल्या एकाचाही पाय सरकला नाही.

बूट घालून डॉक्टर पडते आणि अनवाणी कोळी उभा राहतो, हे का होतं?

तळव्याची त्वचा अंगावरच्या इतर त्वचेसारखी नसते. तिच्यावर केस नाहीत, तेलग्रंथी नाहीत. घामग्रंथी मात्र दाट, आणि बोटांच्या ठशांसारख्याच बारीक रेषा. तळवा किंचित ओलसर असला की त्वचेचा वरचा थर मऊ होतो, पृष्ठभागाला अधिक चिकटून बसतो आणि पकड वाढते. विटीदांडू खेळताना हातावर थुंकणाऱ्या मुलांना हे कुणी शिकवलेलं नसतं. पाणी फार झालं, त्याचा सलग थर त्वचा आणि फळी यांच्यामध्ये आला, की मात्र पकड सुटते. माशाचा बुळबुळीतपणा तर वंगणच. अशा वेळी अनवाणी माणसाला वाचवते ती केवळ पकड नव्हे. पाय सरकायला लागला हे त्याला लगेच कळतं, बोटं आवळली जातात, वजन दुसऱ्या पायावर जातं. माझ्या बुटाच्या जाड फोममुळे ही खबर मला उशिरा मिळाली. खबर आली तेव्हा मी खाली होते.

बुटाच्या तळाचाही यात दोष होता. ओल्या डेकवर पकड हवी तर तळ मऊ रबराचा, सपाट आणि बारीक चिरा दिलेला हवा. वजन पडलं की त्या चिरा उघडतात आणि मधलं पाणी बाजूला ढकललं जातं. शिडाच्या होड्या हौसेने चालवणाऱ्यांसाठी असे बूट पहिल्यांदा आले ते १९३५ साली. अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या पॉल स्पेरी नावाच्या माणसाने आपला कुत्रा बर्फावर न घसरता पळताना पाहिला, त्याच्या पंज्यावरच्या चिरा निरखल्या आणि तशाच चिरा रबराच्या तळाला दिल्या, अशी त्याची गोष्ट सांगतात. आज जगभरातल्या यॉट क्लबांत तोच प्रकार चालतो. आपल्याकडे रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६पासून आहे. गेटवेसमोरच्या बंदरात रविवारी पांढरी शिडं दिसतात, त्या डेकवर साधे रस्त्यावरचे बूट घालून चढलात तर दोन कारणांनी बोलणी खाल : तळाचे काळे डाग पडतात, आणि तळात अडकलेली खडी डेकला ओरखडते. म्हणजे क्लबातल्या साहेबालाही रस्ता होडीवर नकोच आहे. कोळी त्याला लक्ष्मी म्हणतो.

शिडाच्या होडीवर अनवाणी असावं की बूट घालावेत, हा वाद तिथेही जुनाच. अनवाणी बाजूचे म्हणतात, दोरी पायाखाली आली तर कळते. बूटवाले म्हणतात, डेकवर दोऱ्या बांधायचे धातूचे खुंट, कप्प्या, पट्ट्या असतात आणि अनवाणी माणसाची बोटं तिथेच मोडतात. दोघांचंही खरं. मोडलेलं बोट मी स्वतः एका हौशी दर्यावर्दीचं बांधलेलं आहे. करंगळी खुंटाला अशी आपटली होती की ती शेजारच्या बोटाशी काटकोन करून उभी होती. शिकाऊ माणसाला पुढून बंद बूट घालायला लावतात ते त्यासाठीच. खुंट कुठे आहे हे त्याच्या पायाला अजून पाठ झालेलं नसतं.

आणि थंडी असेल तर वाद संपतोच. दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून 'म्हादेई' घेऊन एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१०ला मुंबईत परतले. हे करणारे ते पहिले भारतीय. गोव्यात दिवाडीला बांधलेली ती शिडाची नौका ज्या दक्षिण महासागरातून गेली, तिथे पाय सतत ओले आणि गार राहिले तर बर्फ न होताही पायाच्या नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांना आणि दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांच्या जीवरक्षक बोटींत दिवसेंदिवस बसलेल्या खलाशांना हाच आजार झाला होता. तिथे कोरडा, उबदार बूट हे औषध आहे. बॅकबेमध्ये, मे महिन्यात, प्रश्न वेगळा.

होडीवरची ती सकाळ अजून संपली नव्हती. मी एका बाजूला बसून पावलं बघत होते. हा माझ्या धंद्याचा दोष म्हणा. जाळं सुटताना दोरीची वेटोळी फळीवरून सरसरत जातात. त्यांतल्या एका फासात पाय सापडला तर माणूस जाळ्याबरोबर पाण्यात जातो. धाकट्या खलाशाच्या पायाखाली एकदा दोरी आली. त्याने खाली पाहिलंही नाही. पाय आपोआप उचलला गेला आणि दोरी निघून गेल्यावर पुन्हा टेकला. इतके जाड घट्टे असलेल्या तळव्याला दोरी कळते कशी? मला विद्यार्थीदशेपासून वाटायचं की घट्टे पडले की स्पर्श बोथट होतो. २०१९ साली 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला. केनियातल्या नेहमी अनवाणी चालणाऱ्या आणि बूट घालणाऱ्या लोकांचे तळवे तपासून पाहिले होते. अनवाणी चालणाऱ्यांचे घट्टे जाड होते, पण चालताना लागणारा स्पर्श त्यामुळे कमी झालेला नव्हता. घट्टा कडक असतो. वरचा धक्का तो खालच्या संवेदक पेशींपर्यंत तसाच पोचवतो. बुटाची गादी तो धक्का गिळते.

मग मला आणखी एक गोष्ट दिसली. दोन-तीन तास पाण्यात राहून खलाशांच्या पायांची बोटं सुरकुतली होती, आपली धुणं धुतल्यावर होतात तशी. शेजारी नाखवा बसले होते. मी सांगितलेलं असूनही त्या दिवशी ते अनवाणीच होते. त्यांचे पायही तितकाच वेळ भिजले होते. पण उरलेली नऊ बोटं गुळगुळीत होती.

पाण्यात बोटं सुरकुततात ती त्वचा पाणी पिऊन फुगते म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. स्वयंचलित मज्जातंतू बोटांतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतात, आतला मांसल भाग किंचित आक्रसतो आणि वरची त्वचा घड्या घालते. मज्जातंतू तुटलेल्या बोटावर सुरकुत्या येत नाहीत, हे १९३०च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. या सुरकुत्या कशासाठी, यावर अजून भांडण आहे. २०१३ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांना आढळलं की सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या गोट्या लवकर उचलता येतात, म्हणजे टायरच्या खाचांसारखा त्यांचा उपयोग असावा. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या संशोधकांना तसा फरक मिळाला नाही. हे दोन्ही प्रयोग हातांच्या बोटांवरचे होते, पायांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. माझ्यासाठी त्या सकाळी भांडणातला निकाल महत्त्वाचा नव्हता. नाखवांच्या बोटांच्या नसा गेल्या आहेत, हे समुद्राच्या पाण्याने मला दाखवून दिलं होतं.

"किती दिवस झाले पायाला कळत नाही?" मी विचारलं.

"मी बोललेलो ना तुमाला," ते म्हणाले. "शिबिरात."

आणि मला आठवलं. ते खरंच बोलले होते. जूनमध्ये, माझ्यासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून ते म्हणाले होते, "मॅडम, आता होरी पायाला लागत नाय." मागे रांग मोठी होती. मला वाटलं, वयामुळे होडीवर तोल जातो असं काहीतरी सांगताहेत. मी हसून म्हटलं, "आता जरा बूट घाला होडीवर," आणि पुढचा कागद ओढला.

त्यांना काय म्हणायचं होतं ते त्यांच्या मुलाने सांगितलं. इंजिन चालू असताना त्याची थरथर फळ्यांतून तळव्याला लागते. एखादा नट सैल झाला, पंख्यात जाळ्याचा तुकडा अडकला, की आवाज बदलायच्या आधी थरथर बदलते आणि नाखव्याला ती पायातून कळते. बापजाद्यांच्या काळी शिडाच्या होडीत वारा आणि लाटेचा ताण असाच कळायचा. शिडं गेली, इंजिनं आली, पण ऐकायचं ते पायानेच. गेली दोन वर्षं वडील सारखे विचारायचे, "इंजिन नीट चाललंय ना रे?" मुलाला वाटायचं, त्यांना कमी ऐकू येतंय.

मधुमेहात लांब नसा आधी मरतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. आणि जाणाऱ्या संवेदनांमध्ये कंपनाची संवेदना लवकर जाणाऱ्यांपैकी. ती तपासायला आम्ही १२८ हर्ट्झचा ध्वनिकाटा अंगठ्याच्या हाडावर टेकवतो. तो काटा त्या दिवशीही माझ्या बॅगेत होता. माझ्या रुग्णाने माझ्यासमोर बसून वैद्यकीय पुस्तकात शोभेल असं लक्षण आपल्या भाषेत सांगितलं होतं आणि मी त्याला बूट घालायला सांगितले. बधिर पाय बुटात घातला, आत एक शिंपला गेला, आणि जी गोष्ट अनवाणी पायावर निदान डोळ्यांना दिसली असती ती रबराने तीन दिवस झाकून ठेवली.

हे आम्हाला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४६पासून काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातापायांचा अभ्यास करून दाखवून दिलं होतं की बोटं झडतात ती रोगाने कुजून नव्हे. वेदना गेल्यामुळे रोजच्या लहानसहान इजा कळत नाहीत, त्यांनी झडतात. मी शिकत असताना वडाळ्याच्या ॲक्वर्थ रुग्णालयात कुष्ठरुग्णांची अशी पावलं पाहिली होती. त्यांच्यासाठी केलेली मऊ रबराची, 'एमसीआर' नावाने ओळखली जाणारी चप्पल आज मधुमेहींच्या बधिर पावलांना आम्ही देतो. कुष्ठरोग कमी झाला. बधिर पाय मात्र वाढले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत.

म्हणून होडीवर बूट की अनवाणी, हे विचारण्याआधी पाय शाबूत आहे का ते विचारायला हवं. त्यासाठी ध्वनिकाटा लागत नाही. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी घरी करता येईल अशी चाचणी दिली आहे. माणसाला झोपवून डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचं टोक त्याच्या पायाच्या बोटाच्या टोकाला एक-दोन सेकंद नुसतं टेकवा. दाबू नका, गुदगुल्या करू नका. दोन्ही पायांचे अंगठे, दोन्ही करंगळ्या, दोन्ही मधली बोटं, अशा सहा जागा. कळलं की त्याने 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळलं नाही, तर त्या पावलाला धोका आहे, डॉक्टरांना दाखवा. घरात मधुमेही असेल तर आज रात्री जेवणानंतर करून पाहा. पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं, रात्री मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, यांतलं काही घरातलं माणूस म्हणत असेल तर माझ्यासारखं हसून सोडून देऊ नका.

पाय शाबूत असेल, साखर नसेल, होडी ओळखीची असेल, तर ओल्या फळीवर अनवाणी वावरणाऱ्या कोळ्याला मी आता अडवत नाही. बर्फ आणि मासळीच्या चिखलात काम असेल तर गमबूट बरा. तो पाण्यात पडल्यावर माणसाला तळाशी ओढतो ही भीती मात्र थोडी चुकीची आहे. बुटात भरलेल्या पाण्याला समुद्राच्या पाण्यात वजन नसतं. पोहताना पाय मारणं जड जातं, आणि होडीवर परत चढताना ते पाणी उचलावं लागतं, तिथे जीव जाऊ शकतो. एक माप मोठा, झटकन निघणारा बूट घ्यावा. खरा जीव वाचवते ती लाइफ जॅकेट, जी त्या दिवशी आमच्या होडीवर एका कोपऱ्यात, जाळ्याखाली, घडीही न मोडता पडलेली होती. मलाही ती तेव्हा आठवली नाही.

किनाऱ्याचा हिशेब उलटा आहे. होडीवरून उतरून गुडघाभर पाण्यात पाय टाकला की अनवाणी पाय उघडा पडतो. पाकट वाळूत अंग पसरून बसलेला असतो. त्याच्यावर पाय पडला की शेपटीचा काटा घोट्यात. १० सप्टेंबर २०१३ला दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनात गिरगाव चौपाटीवर साठपेक्षा जास्त जणांना पाकटांनी डंख मारले होते. तेव्हापासून विसर्जनाला पाण्यात उतरताना गमबूट घाला, असं पालिका आणि मत्स्यव्यवसाय विभाग सांगत आलेत. कोळी पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूवरून घासत चालतात, म्हणजे पाकट आधीच निघून जातो. डंख झालाच तर जखम धुऊन, हातापायाला सोसेल इतक्या, ४५ अंशांच्या आतल्या गरम पाण्यात पाऊल अर्धा ते दीड तास बुडवावं. पाकटाचं आणि शिंगाळ्याचंही विष उष्णतेने निकामी होतं, कळ थांबते. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने पाहायचं. डंख झालेल्याला साखर असेल तर हे फारच जपा, नाहीतर विषाआधी पाय भाजेल. त्यानंतर धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि काटा आत तुटला आहे का यासाठी एक्स-रे. गरम समुद्राच्या पाण्यातले काही जंतू मधुमेही किंवा यकृत बिघडलेल्या माणसाच्या जखमेतून एक-दोन दिवसांत जिवावर बेततात. लाली वर चढू लागली, फोड आले, ताप आला तर रात्र काढू नका.

आणि मग गल्ली. होडीवर चढताना काढलेली चप्पल परत घालायची असते ती इथे. पावसाळ्यात तुंबलेल्या गोड्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून आलेले लेप्टोचे जंतू असतात. ते खारट पाण्यात फार टिकत नाहीत, चिखलात आणि साचलेल्या पाण्यात टिकतात. २६ जुलै २००५च्या पुरानंतरचे आमचे वॉर्ड ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळं सांगायला नको. भर समुद्रात अनवाणी राहणाऱ्या माणसाला लेप्टो होतो तो घरापासून नळापर्यंतच्या पन्नास पावलांत, पायाच्या भेगांतून आणि चिखल्यांतून.

नाखवांचं काय करायचं, यावर आमच्या तीन बैठका झाल्या. त्यांच्या पायाला आता होडीवरही आच्छादन हवं, याला पर्याय नव्हता. होडीवर चप्पल नको, यावर त्यांच्या आई ठाम होत्या. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आणि घरात शब्द त्यांचाच. तोडगा त्यांनीच काढला. पुढून बंद, मागे पट्टा, पाणी निघून जाईल असा एक जोड नवा आणायचा. तो रस्त्याला कधीच लावायचा नाही. होडीतच राहील, रोज समुद्राच्या पाण्याने धुतला जाईल, वर चढल्यावर पायात घालायचा. देवघरातलं सोवळं वेगळं असतं, तसं. घालण्याआधी आत हात घालून पाहायचं काम नातवाला दिलं आहे. संध्याकाळी तळवे आरशात पाहायचे, ते काम सुनेकडे. दोन वर्षं झाली, नवी जखम नाही. इंजिनाची थरथर आता मुलगा ऐकतो.

गेल्या जूनच्या शिबिरात मी रांग कमी ठेवली आणि प्रत्येकाचे पाय खुर्चीवर घेतले. विशीतला एक खलाशी होता, तोच, ज्याने न पाहता दोरीवरून पाय उचलला होता. ध्वनिकाटा अंगठ्यावर टेकवला तसा तो दचकला.

"ह्या तर इंजिनासारखा वाटतंय."

थरथर थांबली की सांग, म्हटलं. त्याने डोळे मिटले. शेजारच्या बाकावर नाखवा बसले होते, ते काट्याकडे बघत होते. बराच वेळ गेला. काटा माझ्या बोटांनाही लागेनासा झाला होता.

"आता बंद झाला," तो म्हणाला.